देकार

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचं डिझेल-टोकनचं यंत्र
रोज रात्री साडेआठनंतर मुकं होतं
आणि सकाळी, मी दापोलीहून येईपर्यंत,
शहाण्यासारखं बोलू लागतं.
चार वेळा आलो. चारही वेळा हिराजी चोगल्यांनी
माझ्याकडे शिळ्या सुरमईकडे पाहावं तसं पाहिलं,
कल्ला उचलून.

नोंदीत एकच ओळ, तासातासाला:
सेवा सुरू आहे.
सेवा सुरू आहे.
आमच्याकडची माणसंही विचारलं तर असंच सांगतात.
अर्धं छप्पर शेजारच्या माडात अडकलेलं असतं,
आणि म्हणतात, बरं आहे.

पाचव्या वेळी रात्रीच आलो.
फैमिदा मुकादमने किल्ली दिली, चहाचा थर्मास दिला,
म्हणाली, टेबलाखाली विंचू निघतात, पाय वर घेऊन बस.
सेटिंगची फाइल उघडली, एक शब्द खोडला,
त्याजागी लिहिलं: डीबग.
म्हणजे, बाबा रे, आता काही गाळू नकोस.
कोण आलं, काय म्हणालं, तू काय म्हणालास,
मध्ये किती वेळ गप्प होतात, तेही.

ते बोलू लागलं.
यंत्र: पत्ता मिळेल का?
सेवा: एकेचाळीस नंबर, घे.
यंत्र: घेतला.
सेवा: पोच.
हाक, देकार, होकार, पावती.
खाली वाळूवर मासळीचा लिलाव होतो, त्याहून वेगळं काही नाही,
फक्त इथे कुणी कुणाची आई काढत नाही.

आठ पस्तीस.
यंत्र: पत्ता मिळेल का?
सेवा: एकेचाळीस.
यंत्र: राहू दे. दुसऱ्याकडून घेतला.

थर्मासचं झाकण खाली ठेवलं.
या जाळ्यात पत्ते वाटणारा एकच, तो माझ्यासमोर, टेबलावर.
आणि कुणीतरी वाटत होता, भराभर, त्याच्या आधी,
पुढे रस्ताच नसलेले पत्ते.

सोसायटीमागून एक तार बर्फाच्या कारखान्यात जाते.
वजनकाट्यापाशी तिचं एक तोंड मोकळं आहे.
मीच ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी. विसरलो होतो.
टॉर्च घेऊन निघालो. ओहोटी लागलेली,
होड्या कुशीवर पडलेल्या, कुत्री सुकटीच्या वासावर.

आत गोणपाट पांघरून सात खलाशी, सगळे नेपाळचे,
मध्ये कुणा शेठने टाकून दिलेला राउटर,
चिकटपट्टीने बांधलेला.
सात तोंडांवर सात निळे उजेड.
एकाच्या फोनात एक बाई शेळीला ओढून कॅमेऱ्यापुढे आणत होती,
शेळी येत नव्हती.
डंबर नावाचा पोरगा उठला, तार मुठीत धरून,
म्हणाला, मॅनेजर यायच्या आत काढतो, साहेब. रोज काढतो.

उपटू नको म्हटलं.
त्या डब्याची पत्ते वाटायची खोड बंद केली,
तार एका भोकातून काढून शेजारच्यात घातली.
अंगठ्याएवढं अंतर.
शेळी गेली. सातही चेहरे विझले.
बर्फयंत्राची धडधड ऐकत
आठ माणसं अंधारात उभी.
मग एकेक उजळला.
शेळी अजून तिथेच, मान ताठ करून.

ऑफिसात परतलो तर पडद्यावर सात नव्या हाका.
छप्पन्नपासून बासष्टपर्यंत. सातही होकार.
खाली पंपाचं यंत्र: एकेचाळीस. घेतला.
पोच.

मग डीबग खोडलं.
सोसायटीची डिस्क लहान आहे,
इतकं सगळं ऐकत बसलं तर आठवड्यात भरेल.

सकाळी हिराजी आले. एक टोकन काढलं,
उजेडाकडे धरलं, दुसरं काढलं.
काय होतं रे नेमकं?
कारखान्याचा मॅनेजर त्यांचा मेहुणा.
काही नाही काका, म्हटलं, एक तार सैल होती.
सेवा सुरू आहे.